प्लास्टरबाहेरची बोटं



हात मोडलेल्या माणसाला भेटायला गेलं की आपण आधी प्लास्टर बघतो. त्यावर टिचकी मारतो, "किती दिवस ठेवायचंय?" म्हणून विचारतो. मी अस्थिरोग वॉर्डात एकवीस वर्षं काढली. आम्हा सिस्टर लोकांची पहिली नजर जायची ती प्लास्टरबाहेर राहिलेल्या बोटांवर. हाड नीट बसलंय की नाही, ते एक्स-रे सांगेल. प्लास्टरच्या आत रक्त खेळतंय की नाही, ते मात्र बोटांनाच विचारावं लागतं.

मोडलेल्या जागी सूज येते आणि पहिले एक-दोन दिवस ती वाढतच जाते. प्लास्टर काही सैल होत नाही. मग आतल्या आत दाब वाढून स्नायूंचं रक्त अडतं. बोटं गार पडतात, फिकी किंवा निळसर दिसतात, मुंग्या येतात. पण बहुतेक वेळा त्याआधी येतं ते दुखणं. गोळीला न जुमानणारं, आणि बोट हलकेच सरळ केलं तरी पेशंट ओरडेल असं. तेव्हा सकाळच्या राऊंडची वाट बघायची नसते. रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवायचं. प्लास्टर उभं चिरून सैल करतात. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. काही तासांची दिरंगाई झाली तर स्नायू कायमचे जातात. बांबूच्या कामट्या आवळून बांधलेली मुलं आमच्याकडे यायची, बोटं काळी पडलेली. बांधणाऱ्याला हाडातलं काहीच कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पण बांधल्यानंतर रात्रभर बोटं बघत कोणी बसलेलं नसायचं.

बांगड्यांचा प्रश्न वेगळाच. मनगट मोडलेल्या बाईच्या बांगड्या आणि पाय मोडलेलीची जोडवी सूज चढायच्या आत निघायला हवीत, नाहीतर ती मांसात रुततात. "काढा" म्हटलं की घरचे गप्प. मग मी "मावशी, बांगड्या वाढवू या" म्हणायचे. तेवढा एक शब्द बदलला की निम्मं काम व्हायचं. उरलेलं निम्मं साबणाच्या पाण्याने.

ट्रॅक्शनच्या, म्हणजे मोडलेल्या पायाला दोरीने वजन बांधून ओढ दिलेल्या पेशंटचं ते वजन हवेत लोंबकळतंच राहिलं पाहिजे. पलंगाचा पायथा उचललेला असतो तोही उगाच नाही. पेशंटच्या अंगाचं वजन उलट बाजूने ओढ धरतं. नातेवाइकांना मात्र वाटतं, बिचाऱ्याच्या पायाला धोंडा बांधलाय. कोणी मायेने त्याखाली हळूच स्टूल सरकवतं. एका पठ्ठ्याने तर त्या दोरीला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवली होती.

या सगळ्या बघण्याला शिस्त लावणाऱ्यांत एका इंग्रज नर्सचं नाव घ्यावं लागतं, ॲग्नेस हंट. लहानपणीच खुब्याच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला आणि ती आयुष्यभर लंगडत चालली. 1900 मध्ये श्रॉपशायरमधल्या बासचर्च गावी तिने अशाच आजारी मुलांसाठी घर उघडलं. मुलांच्या खाटा मोकळ्या हवेत, उघड्या शेडमध्ये. लिव्हरपूलचे नामांकित सर्जन रॉबर्ट जोन्स पुढे तिथे येऊन ऑपरेशनं करू लागले. ते रुग्णालय नंतर ऑस्वेस्ट्रीला हललं. आजही त्याला दोघांचं नाव आहे, सर्जनचं आणि नर्सचं. अशी पाटी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

महिनोन्‌महिने पडून राहणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. आपल्याकडे ते कळतं न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेल्या आजीला. हल्ली अशा पेशंटचं ऑपरेशन शक्य तितक्या लवकर करतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उठवून बसवतात. घरच्यांना ती निर्दयता वाटते. पण म्हातारं माणूस आठ-पंधरा दिवस उताणं राहिलं की छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पाठ सोलते.

पाठीबद्दल एक कबुली देते. आम्हाला शिकताना स्पिरिट चोळून पावडर लावायला शिकवलं होतं. मी ते वर्षानुवर्षं इमानाने केलं. लाल झालेली जागा चोळायची नसते, हे नंतर कळलं. आतली दुखावलेली कातडी त्याने आणखी फाटते. ती जागा बोटाने दाबून बघा. बोट काढलं तरी लाली तशीच, क्षणभरही पांढरी होत नसेल, तर जखम आतून सुरू झालेली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा बघायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, ऑपरेशनचा पाय कसा धरायचा ते आधी शिकून घेऊन. पोटरीखाली उशी द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. टाच कोणी बघतच नाही, आणि तीच आधी जाते.

खुब्याचा सांधा बदललेला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. पाटावर बसून जेवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे ऑपरेशनपेक्षा जड जातं.

आणि पाणी. आज्या पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे. बेडपॅन मागायचा संकोच असतो. "सूनबाई दिवसभर दमते, तिला किती वेळा उठवू?" मग लघवीला जळजळ, ताप, बद्धकोष्ठ आणि कधी कधी रात्री भ्रमही. हे कुठल्या एक्स-रेत दिसणार? रात्रपाळीला मी न मागताच पलंगाशी जायचे. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात बेडपॅन. "आजी, दोन्हीतलं एक घ्यावंच लागेल." बहुतेक जणी आधी हसायच्या, मग हळूच बेडपॅनकडे बोट दाखवायच्या, आणि ते झालं की म्हणायच्या, "आता आण तो तांब्या."