सोळाव्या वर्षाचा विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलावतो. यंदा अध्यक्षाबाईंनी ठरविले की सभासदांपैकीच कोणीतरी बोलावे, आणि माझे नाव यादीत घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मी मंडळात सतरंज्या घातल्या, चहाच्या कपांचा हिशेब ठेवला, हळदीकुंकवाला वाणे वाटली. या टेबलाच्या या बाजूला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा बोलताना कोठे चुकले तर पदरात घ्यावे.

विषय मात्र मी माझ्या मनानेच निवडला. गाडीचा विमा आणि आपली वयात आलेली मुले, असा तो विषय आहे. काहींना वाटेल, बाईमाणसाला विम्याशी काय करायचे? मलाही तसेच वाटत असे. विम्याचे कागद यजमानांच्या कपाटात, खालच्या खणात. आपण त्यावरची धूळ झटकावी, एवढाच आपला संबंध. हा समज मला फार महाग पडला, म्हणून आज बोलते आहे.

माझी मामेबहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली. न्यू जर्सी राज्यात एडिसन म्हणून गाव आहे, तेथे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे राहतात. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. २०२२ सालच्या दिवाळीच्या सुमारास असाच फोन आला, पण आवाज रडवेला. तिच्या मुलाला सतरावे पूर्ण झाले होते आणि मोटार चालविण्याचे लायसन मिळाले होते. घरच्या गाडीच्या विम्यात त्याचे नाव घातले मात्र, हप्ता जवळजवळ दुप्पट झाला! ती म्हणाली, "ताई, पोराने अजून गाडीला एक ओरखडा पाडला नाही, आणि कंपनीने त्याला आधीच गुन्हेगार ठरवून टाकले."

मी तिची समजूत घातली आणि वर फुशारकीही मारली. म्हटले, "इकडे ये गं बाई. आमच्या स्कूटरच्या सक्तीच्या विम्याला वर्षाला सातशे चौदा रुपये. चालवणारा सोळाचा की साठीचा, कोणी विचारत नाही."

यात मी खोटे काही बोलले नव्हते. २०२२ च्या जूनपासून जे सरकारी दर लागू झाले, त्यांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचा दर ७१४ रुपये होता. हा दर इंजिन पाहून ठरतो, चालवणाऱ्याचे वय पाहून नव्हे. मला वाटले, आपल्याकडे किती स्वस्ताई! ही स्वस्ताई कसली होती ते पुढे महिन्याभरातच कळले.

आधी तिकडे हप्ता एवढा का वाढतो ते सांगते. माझ्या त्या भाच्यानेच मला ते नंतर समजावून दिले. विमा म्हणजे एक मोठी भिशीच समजा. भिशीत प्रत्येकीचा नंबर लागतो, विम्यात ज्याच्यावर प्रसंग येईल त्यालाच पैसे मिळतात, एवढाच फरक. मग ज्या घरावर प्रसंग येण्याचा संभव अधिक, त्या घराने भिशीत अधिक टाकावे, असा कंपनीचा हिशेब. अमेरिकेत १६ ते १९ या वयाच्या मुलांकडून जितके मैल गाडी चालविली जाते, त्या मानाने त्यांच्या हातून होणारे जीवघेणे अपघात वीस वर्षांवरील माणसांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. मुले वाईट असतात म्हणून नव्हे. रस्त्यावर पुढे काय होणार हे ओळखण्याची नजर सरावाने येते, आणि सराव तर अजून झालेला नसतो. त्यात रात्रीची वेळ असली किंवा शेजारी मित्र बसला असला, की धोका आणखी वाढतो.

तेथेही सगळीकडे एकच नियम नाही. हवाई राज्यात वयावरून हप्ता ठरविण्यास मनाई आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वय न पाहता गाडी चालविण्याचा अनुभव किती वर्षांचा ते पाहतात. पुष्कळ राज्यांत मुलग्यांना मुलींपेक्षा हप्ता जास्त पडतो. युरोपातही पूर्वी तसे होते, पण तेथील न्यायालयाच्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून मुलगा-मुलगी हा भेद हप्त्यातून काढून टाकावा लागला. म्हणजे तरुण मुलांचा हप्ता न्याय्य कोणता, यावर तिकडेही वाद आहेतच. गरिबाघरच्या मुलाला हा हप्ता झेपत नाही, ही तक्रारही खोटी नाही.

परंतु त्या महाग हप्त्याने माझ्या बहिणीच्या घरात काय केले ते पाहा. आईबाप आणि मुलगा एका टेबलाशी बसले. गाडी कोणती चालवायची, केव्हा चालवायची, हे ठरले. शाळेत चांगले गुण मिळविले तर पुष्कळ कंपन्या हप्त्यात सूट देतात, म्हणून मुलगा अभ्यासाला लागला. त्या राज्याचा कायदाही असा आहे की नवशिक्या मुलाने पहिल्या काळात रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी काढायची नाही, आईबाप बरोबर नसतील तर एकाहून अधिक सोबती बसवायचा नाही, आणि गाडीच्या नंबरपाटीवर लाल खूण लावायची. ही लाल खूण तेथे २०१० पासून आहे. म्हणजे पोर रस्त्यावर येण्याआधीच चार ठिकाणी त्याला कोणीतरी अडवून विचारते, "बाळा, तयार आहेस का?"

आता माझ्या घरची हकीकत. येथे बसलेल्या पुष्कळ जणींना ती ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कोणी ऐकलेली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. माझा मुलगा तेव्हा साडेसोळा वर्षांचा. घरात पाहुणे येणार होते आणि दळण गिरणीत पडलेले. मी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "जा रे, स्कूटर घेऊन पटकन दळण आण." चावी खिळ्यावरून काढून मीच त्याच्या हातात दिली. ती पहिली वेळ नव्हती. क्लासला, दुधाला, औषधाला तो गाडी नेतच होता. "आमचा बाळू गाडी फार सांभाळून चालवतो," असे मी कौतुकाने चारचौघींत सांगत असे.

मंडईच्या वळणावर समोरून टेंपो आला. मुलगा गोंधळला, ब्रेक मारण्याऐवजी वेग वाढला, आणि गाडी कडेला बसलेल्या भाजीवाल्या मावशींच्या अंगावर गेली. माझ्या मुलाला खरचटले. मावशींचा पाय मांडीत मोडला. रस्त्यावर त्यांची मेथी, कोथिंबीर आणि आमचे पीठ एकत्र सांडले होते.

दवाखान्यात मावशींच्या पायात सळई घालावी लागली. १,३५,००० रुपये झाले. माझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, भिशी मधेच उचलली. यजमान विम्याचे कागद घेऊन गेले. तेव्हा कळले की चालवणाऱ्याजवळ लायसन नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसा मिळत नाही. मावशींच्या भरपाईचा दावा पुढे न्यायाधिकरणात चालला. पाय अधू झाला, रोजची कमाई बुडाली, त्याबद्दल २,१०,००० रुपये ठरले. कंपनीने ते आधी मावशींना द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम झाला. हे योग्यच झाले, जखमी माणसाने वाट पाहत का बसावे? पण मालक म्हणजे आमचे यजमान. त्यांच्या पगारातून ते पैसे अजून फिटत आहेत.

याखेरीज सरकारचा कायदा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून असे कलम आले आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले, यजमानांचे कोर्टात.

येथे एक गोष्ट सांगायला मला जड जाते. त्याच कलमात अशी सवलत आहे की मुलाने गाडी आपल्याला न कळत नेली, असे पालकाने सिद्ध केले तर तो सुटतो. एका हितचिंतकाने आम्हांला तसे सुचविले. "पोराने गुपचूप चावी घेतली, एवढे म्हणा." यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मुलगा दाराशी उभा होता. मी म्हटले, "चावी मी दिली. दळण आणायला दिली." पोराला आधी गाडी द्यायची आणि मग त्याच्याच माथी चोरी मारायची, हे माझ्याने झाले नाही. गुन्हा यजमानांच्या नावावर लागला, चावी माझ्या हातची होती. कोर्टात ते मान खाली घालून उभे होते. कैद झाली नाही, दंडावर निभावले, पण ती मान मी आयुष्यात विसरणार नाही.

आता हिशेब मांडा. दवाखाना १,३५,०००, भरपाई २,१०,०००, दंड २५,०००. एकूण ३,७०,०००. सातशे चौदा रुपयांचा हप्ता पाचशे वर्षे भरला असता तरी एवढे झाले नसते! माझ्या बहिणीला सोळाव्या-सतराव्या वर्षाची किंमत आधी सांगितली गेली, मला नंतर. आणि माझ्या किमतीतला मोठा वाटा तर मावशींनी भरला, ज्यांचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता.

आपल्यात म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. विमा कंपनीला बाब्या कोणीच नसतो, तिच्या वहीत सगळीच कार्टी. म्हणून तिला जे दिसते ते आईला दिसत नाही. आपल्याकडे ही वही आपल्यापुढे कोणी उघडून ठेवत नाही, तेव्हा ती आईनेच उघडली पाहिजे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतला प्रत्येक जण कोणाचा तरी बाब्या होता.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, आज घरी गेल्यावर कपाटातले विम्याचे कागद स्वतः पाहा. मुदत कधी संपते, विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे की आपल्या गाडीचाही, हे वाचा, नाहीतर वाचून घ्या. दुसरी, मालकासाठी जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, तोही चालवणाऱ्या मालकाजवळ लायसन असेल तरच उपयोगी पडतो. आपल्यापैकी ज्या जणी स्वतःच्या नावावरची स्कूटर लायसनशिवाय मंडईपर्यंत नेतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिसरी, सोळाव्या वर्षी लायसन मिळते असे मुले सांगतात. ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे. आपल्या दारातल्या स्कूटर बहुधा शंभर सीसीच्या वरच्या असतात, त्यांना अठरा पूर्ण हवीत. चौथी, चावी खिळ्यावर टांगू नका. आणि दळण राहिले तर राहू द्या, पाहुण्यांना भात वाढा.

माझा मुलगा आता सायकलने कॉलेजात जातो. मित्र हसतात, तो काही बोलत नाही. महिन्यातून दोनदा पहाटे तो मावशींचे भाजीचे गाठोडे मंडईत पोहोचवून येतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मावशी आता जमिनीवर बसू शकत नाहीत, स्टुलावर बसतात. मी भाजीला गेले की माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकतात आणि विचारतात, "पोरगं बरं आहे न्हवं?" त्या जुडीचे पैसे त्या घेत नाहीत. भगिनींनो, तो हिशेब माझ्याच्याने अजून फिटलेला नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. ठेच मला लागली आहे, शहाणपण तुम्ही फुकट घेऊन जा.