उघडता येणारे यंत्र



१९७२ हे साल महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले ते दुष्काळामुळे. त्याच वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना बाजारात आली, ही त्यामानाने किरकोळ घटना. तथापि खानदेशातील कनिष्ठ मध्यमवर्गाचे जीवन पाहू गेल्यास ती तितकी किरकोळ राहत नाही. परवाना पद्धतीच्या त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सायकल आणि स्कूटर यांच्या मधली जागा रिकामी होती, ती पन्नास सी.सी.च्या या वाहनाने भरून काढली. प्राथमिक शिक्षिका, पोस्टातला कारकून, दुधाचे कॅन लटकवून निघालेला गवळी यांना ते परवडले. पेट्रोल संपलेच तर पायडल मारीत घर गाठता येई. पुढे १९८० मध्ये होसूरहून टीव्हीएस ५० आली.

आज जळगाव-धुळ्याच्या जुन्या वस्त्यांत, परसात गोणपाटाखाली पडलेली अशी वाहने कोणी कोणी बाहेर काढतात आणि घरच्या घरी त्यांचे इंजिन नव्याने बांधतात. हा रिकामटेकड्यांचा छंद म्हणून सोडून देण्याचा मोह कार्यकर्त्यांना होतो. वस्तुतः यंत्र कोणाच्या मालकीचे आणि ते उघडण्याचे ज्ञान कोणाजवळ, हा आपला जुनाच प्रश्न येथे अगदी लहान आकारात समोर येतो.

या इंजिनाची रचना पाहावी. डोक्यावर झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. धूर बाहेर सोडणारे दार पिस्टनच उघडतो आणि मिटतो. वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले. काही पाने, फ्लायव्हील ओढून काढणारा पुलर आणि फीलर गेज एवढ्या सामग्रीवर ते पूर्ण उघडते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते. म्हणून क्रँकच्या बाजूचे ऑइल सील वाळून फाटले की तेथून नुसती हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापतो. नवशिका कार्बोरेटर पुन्हा पुन्हा साफ करीत बसतो. दोष असतो क्षुल्लक किमतीच्या रबरी कडीत. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. त्यात सिलिंडरच्या फिन्स चिखलाने आणि तेलाने बुजलेल्या असल्या तर हवेने थंड होणारे हे इंजिन भर रस्त्यात सीझ होते.

सीझ झालेल्या सिलिंडरला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागतो आणि येथे घरगुती कामाची मर्यादा संपते. हे काम लेथवाल्याकडेच न्यावे लागते. पिस्टन आधी हातात घेऊन, तो मोजून मगच सिलिंडर कापणारा कारागीर सापडला तर इंजिन टिकते. गिरणीतले फिटर आणि भुसावळच्या रेल्वेतले मिस्त्री ज्या प्रदेशात होऊन गेले, त्या प्रदेशाला हे हात अपरिचित नाहीत.

आता ‘सुधारणा’ या शब्दाविषयी. तरुणांच्या मते सुधारणा म्हणजे वेग. समजा, सिलिंडरचा व्यास ३८ मिलिमीटर आणि इंजिन ४९.९ सी.सी.चे आहे. व्यास एका मिलिमीटरने वाढवला की ते साडेबावन्न सी.सी.चे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सी.सी.पर्यंतचेच वाहन चालवता येते, आणि त्याच कायद्याचे कलम ५२ मूळ नोंदणीशी विसंगत फेरफारांना मनाई करते. कायदा बाजूला ठेवला तरी ब्रेक जुनेच, टायर सायकलीपेक्षा थोडे जाड आणि रस्ता सुरत-नागपूर महामार्गाचा, हे विसरता येत नाही.

खरी सुधारणा दिसतही नाही. झिजणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे ही एक. दुसरी अधिक निकडीची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२२ मध्ये अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणले. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, जुने रबर फुगवते, आणि त्याच्यामुळे मिश्रण पातळ होते. म्हणजे नव्या प्रकारची सील, नवी पेट्रोलनळी आणि किंचित मोठा जेट हवा. हा निर्णय घेताना परसातल्या मोपेडचा विचार कोणी केला नव्हता. तो भार मालकाच्या आणि मिस्त्रीच्या माथी आला.

या इंजिनाचा धूर वाईट, हे नाकारण्यात अर्थ नाही. न जळलेले पेट्रोल आणि तेल त्यातून बाहेर पडते. गल्लीबोळांतून अशी वाहने पुन्हा शेकड्यांनी फिरावीत असे कोणी म्हणू नये. तसेच कारागिरीचे गोडवे गाताना गॅरेजमधला पोऱ्या विसरला जाऊ नये. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. तोंडाने नळीतून पेट्रोल ओढायला लावणे हा प्रकार तर कोणत्याही वयाच्या माणसाकडून होता कामा नये. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे; ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घरी काम करणाऱ्यालाही हे कोणी सांगत नाही.

२०२४ मध्ये लुनाची विजेवर चालणारी आवृत्ती आली. धूर गेला, उत्तम झाले. पण तिची बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यापुढे पाना घेऊन बसलेला पाचोऱ्याचा किंवा शिरपूरचा मिस्त्री काय करील? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल उघडले. वाहने आणि शेती अवजारे त्यात आहेत. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्तीची पुस्तिका मराठीतून द्यावी, सुटे भाग आणि तपासणीची साधने कंपनीबाहेरच्या मिस्त्रीलाही वाजवी दरात मिळावीत, आणि जळगाव व धुळे येथील आय.टी.आय.च्या कार्यशाळा संध्याकाळी या मिस्त्रींसाठी खुल्या कराव्यात, या तीन मागण्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि आमदारांपुढे नेण्यासारख्या आहेत. त्या नेताना निवेदनावर पहिली सही गॅरेजवाल्यांचीच असावी.