त्याला चढलेली नव्हती
(शीव कोळीवाड्यातल्या सभेत केलेलं भाषण)



आपल्या मोर्च्यांचे बोर्ड रंगवणारा दोस्त आज मशीनवर श्वास घेतोय. तीन महिन्यांपूर्वी संध्याकाळ झाली की त्याची पापणी खाली यायची, जीभ जड व्हायची. नाक्यावरचे म्हणाले, चढलीय साल्याला. आपल्या पोराची जीभ अडखळली की आपल्यालाच आधी दारू आठवते! हे आपल्या डोक्यात कोणी भरलं, ते पुन्हा कधीतरी बोलू. पुढे चहा गिळेना, मग छाती हलेना.

रोगाचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नस हुकूम सोडते, पण तो स्नायूला पोचायच्या जागीच शरीराची स्वतःची फौज आडवी येते. नामदेव ढसाळांना १९८१ मध्ये हाच आजार निघाला. 'गोलपिठा' लिहिणारा, १९७२ साली पँथर उभी करणाऱ्यांतला हा माणूस त्यानंतर तेहतीस वर्षं जगला. लिहीत राहिला, भांडत राहिला. १५ जानेवारी २०१४ ला गेला तोही आतड्याच्या कॅन्सरने. त्यांचं नंतरचं राजकारण मलाही सगळं पटत नाही. पण तेहतीस हा आकडा पाठ करा. दारोदार लोक विचारतील, पोरगा वाचणार आहे का, का पैसे पाण्यात? त्यांना हा आकडा सांगा.

आता खर्च. श्वास अडकल्यावर द्यायचं एक औषध आहे, इम्युनोग्लोब्युलिन. किलोमागे साधारण दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची. हे औषध कारखान्यात रसायनं घोटून होत नाही. हजाराहून जास्त रक्तदात्यांच्या रक्तातला द्रव एकत्र करून ते काढतात. त्या एका बाटलीत बामन, मराठा, महार, मांग, मुसलमान, कोण कोण असेल! विटाळवाल्यांनी शोधत बसावं. आपल्या दोस्ताच्या नसेत ते सगळे मिळून उतरतायत.

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. भिंतीवर दानशूरांची संगमरवरी पाटी आणि काउंटरवर, आधी डिपॉझिट! त्याच्या आईने पतपेढीतून उचल घेऊन भरलं.

नीट ऐका. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना लावून दिलीय. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. तातडीच्या पेशंटकडे डिपॉझिट मागायचं नाही. ही मेहेरबानी नव्हे. ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यातलं हे देणं आहे. आपण भाबडेपणाने सगळं बिल वर्गणीतून भरलं, तर कोळणीच्या टोपलीतली आणि नाका कामगाराच्या खिशातली नोट जाईल आणि तो निधी तिजोरीत तसाच राहील. म्हणून आधी हक्काचं वसूल करू. उरेल त्याची वर्गणी.

वर्गणीची लाज वाटते म्हणणारे काही शिकलेले दोस्त इथे बसलेत. बाबा रे, भैय्यासाहेब आंबेडकर महूहून मुंबईपर्यंत ज्योत घेऊन आले, गावोगाव लोकांनी पैसा दिला, १९७१ मध्ये चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. आपली चळवळ शेटजींच्या चेकवर कधी उभी राहिली? मागताना मान खाली घालू नका. पावती फाडा, नाव लिहा, पाच रुपये असले तरी लिहा. दर रविवारी हिशेब इथल्या फळ्यावर लागेल. आजारी माणसाच्या नावाने जमलेल्या पैशातून कोणी चहा प्यायला, तरी फळ्यावर त्याचं नाव येईल.

कामं वाटून घेऊ. दोघांनी आईला घेऊन रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जमवायचा. तिघांनी हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी बोलणं ऐकायचं नाही. महात्मा फुले योजना तिथे लागू आहे का, तेही विचारायचं. दोन दिवसांत उत्तर नाही आलं, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जाऊ, तेव्हा नाव मोठ्याने घेऊ. तोवर डॉक्टरशी भांडण नाही, नर्सवर आवाज नाही. त्या पोरी रात्रभर त्याची नळी साफ करतायत.

पावतीपुस्तकं चार आहेत. एक कोळीवाड्यात, एक पंजाबी कॅम्पात, एक रावळी कॅम्पला, एक प्रतीक्षानगरला. आई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलीय, तिला रात्रीचा डबा कोण नेतो ते आत्ताच सांगा. हात वर करा.