पोरीचा पहिला रविवार



जून-जुलै आला की आपल्या गावांतून पोरी शिकायला बाहेर पडतात. कुणी नगरला, कुणी संभाजीनगरला, पुष्कळजणी पुण्याला. आपण आया काय काय बांधून देतो? भाजणी, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, अंथरूण-पांघरूण, दाखल्यांची फाईल. फीचे हप्ते कसे भरायचे ते गटात बसून ठरवतो. पण तिचा रविवार कसा जाईल, हे त्या यादीत नसतं. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

गावात चर्च शोधावं लागत नाही. घंटा वाजली की पाय आपोआप वळतात. पोरगी एक रविवार दिसली नाही तर दुपारपर्यंत चार बाया विचारून जातात, "ताप आलाय का गं?" शहरात तिला हे विचारणारं कुणी नसतं. वसतिगृहातल्या बाकीच्या पोरी कपडे धुतात, झोपतात, बाजारात जातात. पुष्कळ ठिकाणी रविवारी संध्याकाळी मेसही बंद असते. आठवड्यातला सगळ्यात एकटा दिवस तोच. म्हणून चर्च शोधणं ही नुसती धर्माची गोष्ट नाही. अडीअडचणीला जिचं दार वाजवता येईल अशी एखादी मावशी त्या शहरात असणं, ही त्यातली मोठी गोष्ट आहे.

पहिली अडचण येते ती "आपलं" चर्च कोणतं याची. पुण्यात चर्च भरपूर. कुठे मराठी उपासना, कुठे इंग्रजी, कुठे तमिळ, कुठे मल्याळी. एकाच इमारतीत सकाळी एका भाषेची आणि नंतर दुसऱ्या भाषेची उपासना असते. पोरगी चुकीच्या वेळेला गेली तर तासभर काही न कळता बसून परत येते आणि पुन्हा जात नाही. म्हणून वेळांचा फलक आधी वाचावा, किंवा आठवड्यात एकदा जाऊन विचारून यावं.

नावाला बिचकू नये. आपल्या भागात कुणी अमेरिकन मिशनचे, कुणी स्कॉटिश मिशनचे, कुणी अँग्लिकन. पण 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे नगरकडच्या पुष्कळ मंडळ्या आणि पुण्यातलं गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च आज एकाच छत्राखाली आहेत. प्रार्थनेची पद्धत थोडी वेगळी वाटेल, कुठे गुडघे टेकतील, कुठे उभे राहतील. पण 'उपासना संगीत' उघडलं आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की पोरीला घरची आठवण येईल. कॅथलिक बहिणींच्या पोरींना मिस्सा सगळीकडे सारखीच. त्यांनी फक्त आपल्या वसतिगृहाजवळचा धर्मग्राम कोणता आणि मराठी मिस्सा कुठे, एवढं विचारायचं.

दुसरी अडचण, आत गेल्यावर कुणी बोललंच नाही तर? शहरातली माणसं वाईट नसतात, पण मोठ्या मंडळीत नवं कोण आणि जुनं कोण हेच कळत नाही. पोरीला सांगावं, शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद झाल्या झाल्या पळू नकोस. बाहेर थांब, चहा असेल तर घे, पाळकांना आपलं नाव आणि गाव सांग. महिला मंडळातल्या एखाद्या बाईला विचार, की तरुण संघ कधी भरतो. एका रविवारात जीव रमत नाही. तीन-चार रविवार एकाच ठिकाणी जाऊन पाहावं. तरीही कुणी ओळख दाखवली नाही, तर दुसरीकडे जायला काही हरकत नाही. त्यात देवाचा अपमान नाही.

आणि प्रश्न विचारायची मोकळीक आहे का, हेही पाहावं. पंडिता रमाबाई 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन शिकायला इंग्लंडला गेल्या. डॉक्टरकी शिकायचा विचार होता, पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते जमलं नाही. वाँटेज गावच्या ज्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या, त्यांचं पुण्यातही काम होतं. तिथेच रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून त्यांनी सगळं मुकाट्याने मान्य केलं नाही. शाकाहार सोडला नाही. धर्ममताबद्दल त्या प्रश्न विचारत राहिल्या, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे पत्रांतून जोरदार वाद झाले. ती पत्रं आज छापलेली आहेत. वाद झाले, तरी पत्रं थांबली नाहीत. पुढे याच बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. आपली पोरगी कॉलेजात शिकतेय, तिला प्रश्न पडणारच. प्रश्न विचारला म्हणून तिला विश्वासात कच्ची ठरवणारी मंडळी तिच्या कामाची नाही.

आणखी एक गोष्ट, बोलायला अवघड पण खरी. आडनाव विचारायचं, मग गाव, मग गावातली वस्ती, आणि मग बोलण्याचा सूर बदलायचा, हे चर्चमध्येही घडतं. ख्रिस्ती झालो म्हणून जात दाराबाहेर राहिली असं नाही. पोरीला आधीच सांगून ठेवा, असं झालं तर मान खाली घालू नकोस. लाज त्यांची, तुझी नाही. जिथे प्रभुभोजनाला एका रांगेत गुडघे टेकतात आणि नंतर जेवायलाही एका पंगतीत बसतात, ती जागा आपली.

आता सावधगिरीचं. एकट्या पोरीला माया लावणारे सगळेच भले नसतात. काही खुणा ध्यानात ठेवा. सभा कुठे भरते, पाळक कोण, पैशांचा हिशेब कोण पाहतं, हे उघड असावं. बायाबापड्या, म्हातारी माणसं, लेकरं असा सगळा गोतावळा तिथे दिसावा. एकटीला खोलीवर प्रार्थनेला बोलावणं, एटीएम कार्ड किंवा मोबाईलचा पासवर्ड मागणं, औषधं बंद कर म्हणणं, "आईबापाला सांगू नको" म्हणणं, शिक्षण सोडून सेवेला लाग म्हणून मागे लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी तिथून निघायचं आणि घरी सांगायचं. तिने सांगितल्यावर आपण तिलाच रागावलो, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, हे आपण आयांनी लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडून काय करता येईल? एक, पोरगी निघण्याआधी आपल्या पाळकांकडून तिच्या नावाचं ओळखपत्र घ्यावं. उपासनेला बसायला कागद लागत नाही, पण ओळख निघायला त्याचा उपयोग होतो. दोन, आपल्या मंडळीतल्या कुणाचे नातेवाईक त्या शहरात आहेत, ते महिला मंडळाच्या वहीत लिहून ठेवावं. तीन, फोनवर "चर्चला गेलीस का?" असं हजेरी घेतल्यासारखं विचारू नये. स्पर्धा परीक्षा पुष्कळदा रविवारीच असतात. त्यापेक्षा "आज कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारावं. सगळं त्यात कळतं.

आणि चार. आपल्या तालुक्यालाही परगावच्या पोरी येतात. नर्सिंगला येतात, राहुरीला कृषी विद्यापीठात येतात. कुणी नंदुरबारची, कुणी थेट केरळची. त्या आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. आपल्या पोरीला पुण्यात कुणीतरी जेवायला बोलवावं असं वाटत असेल, तर आपण या पोरींना बोलवू या. पक्वान्न नको. भाकरी, कालवण आणि बसायला जागा पुरे. आमच्या महिला मंडळात असं ठरलंय, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळीपाळीने एका घरी नव्या पोरींना जेवण.

ज्या बहिणी ख्रिस्ती नाहीत, त्यांनाही हे लागू आहे. विहार असो, मंदिर असो, मशीद असो, की गावाकडच्या पोरींची नुसती भिशी असो, परक्या शहरात पोरीचं नाव माहीत असलेली चार माणसं हवीत.

तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत हा एक विषय घ्या. या वर्षी कोण पोरगी कुठे चाललीय ते लिहा, आणि तिच्या नावापुढे त्या शहरातल्या एका बाईचा फोन नंबर लिहा. जिच्यापुढे नंबर नसेल, तिच्यासाठी तो शोधायचं काम कुणाचं, ते त्याच बैठकीत ठरवून उठा.