सेवा, विश्रांती आणि सेवकाचे घर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बालीगंज येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की संस्थेच्या कार्याचा आढावा घेतला जातो आणि ज्यांनी ते कार्य उभे केले त्यांचा गौरव होतो. ते उचितच आहे. परंतु त्यांच्या त्या अहोरात्र सेवेच्या काळात त्यांच्या घरी काय चालले होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज मी तोच प्रश्न आपणापुढे मांडणार आहे, आणि त्यासाठी ख्रिस्ती मंडळीतील पाळकाच्या जीवनाचे उदाहरण घेणार आहे. रविवारी उपासना, एरवी आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, अंत्यविधी, लोकांचे तंटेबखेडे. आणि रात्री दार वाजले तरी पाळकाला उठावेच लागते. त्यामुळे सेवा आणि संसार यांची ओढाताण तेथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. शियालदाहून लोकलने बराकपूर गाठावे आणि होडीने हुगळी ओलांडावी, म्हणजे समोर श्रीरामपूर लागते. आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले. येथेच विल्यम केरी या मिशनऱ्याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने तो मराठीही शिकवीत असे. आपल्या छापील गद्याच्या आरंभकाळातील काही पाने बंगालच्या या मातीत तयार झाली, याचा आपणा कलकत्तेकर मराठी माणसांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

पण त्या पानांच्या मागे एक घर होते. केरीची पत्नी डोरोथी १७९३ साली तान्हे मूल पदरी घेऊन हिंदुस्थानात आली. यायला ती आधी तयारच नव्हती. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला आणि त्यानंतर तिचे मन ढळले, ते पुन्हा सावरले नाही. तिला खोलीत बंद करून ठेवण्याची पाळी आली. एका खोलीत तिचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत पतीचे भाषांतराचे काम, असे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. डिसेंबर १८०७ मध्ये तिचा अंत झाला. म्हणजे आपले ते पहिले व्याकरण छापले जात होते तेव्हा ही माउली त्याच घरात झिजत होती. मुलांकडेही बापाचे लक्ष नव्हते. त्यांना वळण लावले ते हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या सहकाऱ्यांनी. केरीला दोष देणे सोपे आहे. त्या काळी मनोविकारावर उपाय नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तथापि त्याच्या कार्याचे मोल त्याच्याइतकेच डोरोथीनेही मोजले, आणि तेही स्वतः न निवडता, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आता याच श्रीरामपूरची दुसरी बाजू पाहा. १८०० साली तेथे जमलेल्या मिशनरी कुटुंबांनी एकत्र संसार मांडला. स्वयंपाक एक, पंगत एक. घराची व्यवस्था एकाने महिनाभर पाहायची, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. उपदेश आणि प्रार्थनाही पाळीपाळीने. शनिवारची संध्याकाळ आपसांतील रुसवेफुगवे मिटविण्यासाठी राखून ठेवलेली. मनुष्य कितीही थोर असला तरी एकट्याच्या खांद्यावर सारे टाकू नये, हे शहाणपण या साध्या नियमांत होते. डोरोथीच्या दुखण्यावर त्याचा इलाज झाला नाही. पण तिच्या मुलांना आधार मिळाला तो या एकत्र घरातूनच.

महाराष्ट्रात हेच चित्र रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी दिसते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. टिळकांचे औदार्य अफाट. हाती आलेला पैसा हाती राहायचा नाही, आणि कोणी निराधार दिसला की तो घरी यायचा. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले. त्या औदार्याचा रोजचा हिशेब कोण जुळवीत होते, हे लक्ष्मीबाईंच्या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथामुळे आपणांस कळले. बाई हसतहसत सांगतात म्हणून वाचकही हसतो. परंतु चूल त्यांची होती, हे विसरता कामा नये. लक्ष्मीबाईंनी लिहिले म्हणून कळले. लिहिता न आलेल्या किती जणी असतील!

धर्मग्रंथ याविषयी काय म्हणतात? मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला बजावतो की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. तेव्हा कर्तबगार माणसे निवड आणि भार वाटून दे. एलीया संदेष्टा निराश होऊन मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर देतो, पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. आपल्या समर्थांनीही दासबोधात प्रपंच नेटका करून मगच परमार्थाकडे वळायला सांगितले आहे. प्रपंच टाकून केलेल्या परमार्थाची त्यांना भूल पडली नव्हती.

आपल्याच शहरात मदर तेरेसांनी १९५० साली स्थापलेल्या संस्थेचे मदर हाउस गुरुवारी दर्शनार्थींना बंद असते. कलकत्त्यात दुःख गुरुवारीही असतेच. तरीही एक दिवस राखला जातो, कारण उरलेले दिवस त्याच्याच बळावर चालतात.

मी सरकारी नोकर. आमच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा खात्यावर जमा होते. पंधरा जानेवारीत, पंधरा जुलैत. सरकारी नियमांची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु या नियमात एक मर्म आहे. रजा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, आणि रजेवर जाणाऱ्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले जाते. प्रभार न सोपवता घेतलेली रजा ही विश्रांती नसते. ती केवळ जागा बदलून केलेली चिंता असते. पाळकाचा प्रभार कोण घेतो? बहुधा कोणीच नाही. म्हणून त्याची विश्रांती त्याच्या मनोनिग्रहावर सोडून भागणार नाही. तो मागणार नाही. मागितली तर त्याला संकोच वाटेल. ती देणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. आठवड्यातील एक दिवस त्याचा असावा. रविवार त्याच्या कामाचा, म्हणून अनेक ठिकाणी सोमवार असतो. त्या दिवशी आजाऱ्याकडे जाणारा दुसरा कोणी आधीच नेमलेला असावा. आणि पाळकाची पत्नी म्हणजे बिनवेतन नेमलेली दुसरी सेविका, हा समज कायमचा सुटावा.

हे आपल्या मंडळालाही लागू पडते. गावापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना मंडळ म्हणजे दुसरे माहेर. पण गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत तेच चार चेहरे धावताना दिसतात. त्यांची मुले मंडपात पेंगुळतात, म्हातारे आईवडील घरी एकटे बसतात, आणि आपण त्या चौघांना 'आधारस्तंभ' म्हणून टाळ्या वाजवतो. स्तंभ म्हटले की त्याला बसायला सांगण्याचे कोणाला सुचत नाही. श्रीरामपूरची महिन्याची पाळी आपल्याला अवघड नाही. चिटणिसाला एक महिना सोडवणारा दुसरा चिटणीस नेमणे, हाही त्याचा सत्कारच आहे. शाल-श्रीफळापेक्षा तो त्याच्या घरच्यांना अधिक उपयोगी पडेल.

पन्नास वर्षे ज्यांनी हे मंडळ चालविले त्यांना मी वंदन करतो. आणि ते बाहेर असताना ज्यांनी त्यांचे ताट झाकून ठेवले, त्यांना त्याहून एक अधिक नमस्कार करून माझे भाषण संपवितो.