मोटारीचें स्टिअरिंग वारंवार कां बिघडतें?

सुखाची संवय मनुष्यास लौकर लागते. परंतु तें सुख कोणाच्या श्रमावर उभें आहे, याची जाणीव तें नाहींसें झाल्यावरच होते. आजच्या मोटारीचें स्टिअरिंग एका हातानें सहज फिरतें. गाडी जागच्या जागीं वळवावयाची असली तरी चालविणाऱ्याच्या दंडास श्रम पडत नाहींत. पडद्याआड राहून हें काम करणारा जो मदतनीस, त्यालाच ‘पॉवर स्टिअरिंग’ म्हणतात. एके दिवशीं हा मदतनीस अकस्मात् काम सोडतो, गॅरेजमध्यें नेल्यावर पुन्हां रुजू होतो, आणि महिन्या-दीड महिन्यानें पुन्हां दगा देतो. अशा वेळीं मालक कधीं दैवास दोष देतो, तर कधीं मेकॅनिकास. वस्तुतः वारंवार होणाऱ्या बिघाडाचें मूळ बहुधा एकच असतें : मोडलेला भाग बदलला जातो, पण तो कां मोडला हें पाहिलें जात नाहीं.

या मदतनिसाचा इतिहास जुना आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरानें १९२६ सालीं तेलाच्या दाबावर चालणारें स्टिअरिंग एका पिअर्स-ॲरो मोटारीस बसवून दाखविलें. जनरल मोटर्स कंपनीनें त्याच्याशीं करार केला. परंतु खर्च परवडत नाहीं असें पाहून १९३४ सालीं ती योजना बाजूस ठेवली. दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांना तिचा उपयोग झाला, व १९५१ सालीं क्रायस्लर ‘इंपीरियल’ मोटारींतून ती सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचली. पुढें १९८८ सालीं सुझुकीच्या ‘सर्व्हो’ या लहान मोटारींत तेलाची जागा विजेच्या मोटरनें घेतली. आज नव्या मोटारींत बहुधा विजेची योजना असते. जुन्या आणि जड गाड्यांत अद्यापि तेलाची आढळते.

तेलाच्या योजनेंत इंजिनावरील पट्ट्यानें एक पंप फिरतो. पंपानें दाबलेलें तेल स्टिअरिंगच्या रॅकमध्यें जातें, तेथील दट्ट्यास ढकलतें आणि पुढचीं चाकें वळविण्यास हातभार लावतें. हें तेल पेट्रोलप्रमाणें जळून खर्च होत नाहीं. तेंच तें फिरत राहतें. तेव्हां त्याच्या डबींतील पातळी उतरली, तर तें कोठें तरी गळत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ मालक दर पंधरवड्यास नवें तेल ओततात आणि निश्चिंत होतात. फुटक्या घागरींत पाणी भरण्यापैकींच हा प्रकार होय. तेल कमी झालें कीं पंप हवा ओढूं लागतो. वळतांना घुंईss असा आवाज येतो. पंपाच्या पात्या झिजतात आणि धातूचा बारीक चुरा तेलांत मिसळतो. तो चुरा रॅकमधील ऑइल सील कापतो, आणि गळती अधिकच वाढते.

येथेंच दुसऱ्या बिघाडाचें बीज पडतें. मेकॅनिक नवा पंप बसवितो. परंतु पाइपांतलें जुनें तेल तसेंच राहतें, डबींतली जाळी चोंदलेलीच राहते. नव्या पंपाला पहिल्या दिवसापासून जुन्या पंपाचा चुरा प्यावा लागतो. मग तो अल्पायुषी ठरला तर नवल काय? म्हणून पंप बदलतांना सारें तेल काढून नळ्या धुणें, डबी साफ करणें किंवा बदलणें, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच तेल भरणें आणि शेवटीं हवा काढणें, हीं चारहि कामें झालींच पाहिजेत. पट्टा ढिला असेल तर पंप निर्दोष असूनहि स्टिअरिंग मधून मधून जड होतें. हें तपासण्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. तसेंच स्टिअरिंग टोंकापर्यंत वळवून तेथेंच दाबून धरण्याची खोड वाईट. तिनें तेल तापतें आणि पंपावर विनाकारण भार पडतो.

विजेच्या योजनेंत तेल नाहीं, पट्टा नाहीं. पण तिचीहि दुखणीं आहेत. तिच्या मोटरला थोड्या वेळांत पुष्कळ वीज लागते. बॅटरी थकलेली असेल, आल्टरनेटर पुरेसा भरणा करीत नसेल, अर्थिंगची तार गंजली असेल किंवा पावसाळ्यांत एखाद्या कनेक्टरमध्यें पाणी गेलें असेल, तर मोटर धडधाकट असूनहि मदत थांबते आणि समोरचा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हां सुरूं केलें कीं बरेचदा दिवा विझतो, आणि मालकाच्या मनांतली शंकाहि त्याबरोबर विझते. दिवा विझला म्हणजे दोष गेला असें नव्हे. गाडीच्या संगणकांत बिघाडाची नोंद राहिलेली असते. ती वाचल्यावांचून आणि विजेचा दाब मोजल्यावांचून महागडा भाग बदलणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

एकाच लक्षणामागें दोन भिन्न रोग कसे असूं शकतात, याचें मोठें उदाहरण अमेरिकेंत घडलें. शेव्हरोले ‘कोबाल्ट’ व तिच्या जोडीच्या कांहीं मोटारींत विजेचें स्टिअरिंग एकाएकीं मदत सोडून देई. २०१० सालीं जनरल मोटर्सनें उत्तर अमेरिकेंतील सुमारें १३ लाख गाड्या त्यासाठीं परत बोलाविल्या. २०१४ सालीं पुन्हां सुमारें १३ लाख गाड्या बोलावण्याची पाळी आली. त्यांतल्या कांहीं पूर्वींच दुरुस्त होऊन गेलेल्या होत्या. त्याच वर्षीं ‘कोबाल्ट’चा दुसराहि दोष जगापुढें आला. किल्लीचा स्विच इतका सैल होता कीं, धक्क्यानें किंवा जड जुडग्याच्या भारानें किल्ली फिरे, इंजिन बंद पडे, आणि स्टिअरिंग व ब्रेक यांची मदत जाई. मोटार तरीहि वळवितां येते, म्हणून हा दोष गैरसोयीचा, धोक्याचा नव्हे, अशी समजूत कंपनींत वर्षानुवर्षें राहिली. किल्ली फिरली कीं अपघातांत जीव वाचविणाऱ्या हवेच्या पिशव्याहि उघडत नाहींत, हें कोणी जोडून पाहिलें नाहीं. कंपनीच्या भरपाई-निधीनें पुढें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. ‘गैरसोय’ या शब्दाची किंमत एवढी पडली.

रस्त्यांत मदत गेलीच तर काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, मदत गेली म्हणजे स्टिअरिंग अडकलें असें नव्हे. चाकांशीं त्याचा लोखंडी सांधा कायम असतो. फक्त जोर अधिक लागतो, आणि वेग कमी होईल तसा तो जोर वाढतो. दोन्ही हातांनीं स्टिअरिंग घट्ट धरावें, वेग हळूहळू उतरवावा, धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेस घ्यावी. इंजिनच बंद पडलें असेल तर ब्रेक पुन्हां पुन्हां दाबूं नये. सांठलेली मदत दोन-तीन दाबांतच संपते. एकदांच घट्ट दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढूं नये. ती काढल्यास स्टिअरिंगला कुलूप लागतें. खंबाटकी किंवा आंबेनळीसारख्या घाटांत पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणारे लोक हे सारे धोके आपल्या हातानें ओढवून घेतात. वांचलेल्या चार रुपयांसाठीं वळणावर साऱ्या कुटुंबाचा जीव पणास लावणें यास काटकसर म्हणतां येत नाहीं.

शेवटचा उपाय एका वहीचा आहे. प्रत्येक बिघाडाची तारीख, किलोमीटर, पाऊस होता कीं ऊन, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, गाडी उभी होती कीं धांवत होती, आणि कोणता भाग बदलला, एवढें तिच्यांत लिहावें. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. तीन नोंदी झाल्या कीं चतुर मेकॅनिकास रोगाचें मूळ दिसूं लागतें. दोष कारखान्याचाच असेल तरीहि हीच वही उपयोगी पडते. २०१९ च्या सुधारणेनें मोटारवाहन कायद्यांत आलेल्या ११०-अ या कलमान्वयें सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकारला देतां येतो. परंतु त्यासाठीं मालकांनीं तक्रारी नोंदविल्या पाहिजेत. न लिहिलेली तक्रार वाऱ्यावर जाते. यंत्र एकदां बिघडलें तर तो योगायोग असूं शकेल. तेंच तीनदां बिघडलें तर तें कांहीं सांगत असतें, आणि तें ऐकून घेणें हें मालकाचें काम आहे.