फाटक्या सुराची गोडी

घरोघरीं व्हॉल्व्हचे रेडिओ होते त्या काळीं आवाजाचें बटण फार पिळलें कीं गाणें फाटूं लागे, आणि घरांतलें वडील माणूस तें मागें फिरवावयास सांगे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं मात्र हाच दोष जवळ केला, आणि विजेच्या गिटारवरील ब्लूज संगीताचा आवाज त्यांतूनच घडला.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मुलखांत वाढलेलें गाणें. मडी वॉटर्स हा तेथला गवई १९४३ सालीं मिसिसिपी सोडून शिकागोस आला. शहरांतील गुत्त्यांत गिऱ्हाइकांचा गलका एवढा असे कीं साध्या गिटारचा आवाज चार टेबलांपलीकडे जाईना. तेव्हां त्यानें विजेची गिटार हातीं घेतली. अशा वादकांना परवडत ते ध्वनिवर्धक लहान आणि दुबळे. ते पुरते पिळल्यावांचून गत्यंतर नसे, आणि पिळले कीं आवाज फाटे. या फाटण्यानें गाण्याचें नुकसान झालें नाहीं. उलट एक अडचण सुटली. ब्लूजमधील गांधार पुष्कळदां कोमलहि नसतो आणि शुद्धहि नसतो, दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतो. सतारीवरील मिंडेप्रमाणें तार बोटानें ओढून तेथें जावें लागतें. स्वच्छ आवाजांत तो स्वर पोहोंचतां पोहोंचतां विरतो. फाटक्या आवाजांत तो तग धरतो, आणि गळा दाटून आलेल्या माणसासारखा बोलत राहतो.

याचें कारण व्हॉल्व्हच्या मर्यादेंत आहे. लहान लहर तो जवळजवळ जशीच्या तशी मोठी करतो. लहर त्याच्या आवांक्याबाहेर गेली कीं तिचे शेंडे चेपले जातात. पण सुरीनें कापल्यासारखे नव्हे, कडा गोलसर राहते. त्यांतून मूळ स्वराचे वरचे सहस्वर उमटतात. शिवाय जोराचा आघात दबल्यामुळें मागून येणारा नाद त्या मानानें मोठा वाटतो.

लिओ फेंडर याच्या कॅलिफोर्नियांतील कारखान्यानें १९४८ सालीं 'चॅम्पियन' नांवाचा लहान ध्वनिवर्धक काढला; पुढें तोच 'चॅम्प' म्हणून नांवारूपास आला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याची घडण अशी होती : शक्ति सुमारें ५ वॅट, आठ इंची स्पीकर, तीन व्हॉल्व्ह आणि एकच बटण. त्यावर १२ पर्यंत आंकडे. त्यांतील मुख्य 'सिक्स-व्ही-सिक्स' हा व्हॉल्व्ह घरगुती रेडिओंतहि असे.

बटण एकच असलें तरी काम सोपें नाहीं. गिटारवरील बटण पुरतें उघडावें आणि पेटीवरील ३-४ पासून हळूहळू चढवावें. एकच तार एकदां हलकी, एकदां जोरानें छेडीत राहावें. हलका आघात स्वच्छ आणि जोराचा किंचित् खरखरीत ऐकूं येऊं लागला कीं थांबावें. नवशिके बहुधा ही जागा ओलांडून जातात. मग हलका काय नि जोराचा काय, सारेच आघात सारखे ऐकूं येतात आणि वादकाचा हात हरवतो. तंबोऱ्याची जवारी साधतांना सुताचा धागा केसभर सरकवितात, तितक्याच सबुरीचें हें काम आहे. जागा सांपडल्यावर पेटीला हात लावूं नये. साथ करतांना गिटारवरील बटण ७ च्या आसपास आणावें. गायकाच्या ओळीस उत्तर द्यावयाच्या वेळीं पुन्हां उघडावें.

पेटी जमिनीवर ठेवल्यास खर्ज गढूळ होतो, आणि तीव्र स्वर वादकाच्या घोट्यापाशींच जातात. तो उगाच आवाज कर्कश करीत बसतो. पेटी खुर्चीवर, कानाकडे तोंड करून ठेवावी. ५ वॅट हा आंकडा पाहून कोणी फसूं नये. बंद खोलींत शेजाऱ्यांना जागें करण्यास तेवढे पुरतात. १९७० सालीं मायामींत एरिक क्लॅप्टननें 'लैला'च्या ध्वनिमुद्रणांत असलेच लहान ध्वनिवर्धक वापरले. मायक्रोफोन जवळ असला कीं ऐकणाऱ्यास पेटीचें आकारमान कळत नाहीं.

अमेरिकेंतून आणलेली जुनी पेटी तेथील सुमारें ११७ व्होल्टच्या विजेसाठीं बांधलेली असते. येथील २३० व्होल्टवर ती मधें ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय जोडूं नये. तिचें मागचें झांकण घरीं उघडणेंहि धोक्याचें. तार भिंतींतून काढल्यावरहि आंतील कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब शिल्लक राहूं शकतो, आणि तो माणसाचा जीव घेण्यास पुरेसा असतो. व्हॉल्व्ह बदलण्यापलीकडचें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें.